वाहाकाचा लाल रंग आणि गावांचा हट्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुढच्या वर्षी मेक्सिकोत वाहाकाला जायचा बेत आहे. आजवर एवढंच वाचलं होतं की स्पॅनिश आले, देवीच्या साथीनं आणि तलवारीनं माणसं मेली, उरलेली ख्रिस्ती झाली आणि जुनं सगळं संपलं. मग तिथे आजही लाखो लोक सापोतेक आणि मिश्तेक कसे बोलतात? आणि इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू?"

आधी नावाचं. स्पेलिंगकडे बघून मराठीत 'ओक्साका' लिहिलं जातं; तिथे कुणी तसं म्हणत नाही, वाहाका म्हणतात.

आता मुद्द्याचं. स्पॅनिशांनी वाहाका जिंकला, पण गावं मोडली नाहीत. जमीन बऱ्याच अंशी गावांकडे राहिली, रोजचा कारभार गावांकडे राहिला, आणि त्यांच्या आसऱ्यानं भाषा टिकली. याची कारणं अनेक आहेत. मी नैसर्गिक रंगांच्या कामातला माणूस असल्यानं मला त्यातलं एक फार मोठं कारण निवडुंगावरच्या किड्यात दिसतं. इतिहासाचे प्राध्यापक कदाचित डोंगरांना पहिला मान देतील. त्याला माझी हरकत नाही, म्हणून डोंगरांपासूनच सुरू करू.

मेक्सिको दक्षिणेकडे जिथे कमरेत बारीक होतो ती तेवांतेपेकची संयोगभूमी. तिच्या पश्चिमेला दोन पर्वतरांगा एकमेकींत घुसतात आणि त्या गुंत्यात वाहाका राज्य बसलं आहे. सपाट जमीन म्हणावी तर मधलं तीन फाट्यांचं खोरं: एत्ला, त्लाकोलुला आणि सिमात्लान-ओकोत्लान. हे तिन्ही फाटे मिळतात तिथे, साधारण १,५५० मीटर उंचीवर, राजधानीचं शहर. बाकी सगळा चढउतार. खोऱ्यातल्या माणसाची सापोतेक पलीकडच्या डोंगरातल्या सापोतेक माणसाला कळेलच असं नाही, कारण ती एक भाषा नसून भाषांचं कुटुंब आहे. मिश्तेकचंही तेच.

माणूस इथे फार जुना. मितलाजवळच्या गिला नाकीत्स गुहेत माणसानं लागवड केलेल्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. तिथलीच मक्याची चिमुकली कणसं ६,००० वर्षांहून जुनी आहेत. पुढे इ.स.पूर्व ५०० च्या सुमारास खोऱ्यातल्या लोकांनी एक विचित्र निर्णय घेतला. तिन्ही फाट्यांच्या मधोमध, खोऱ्यापासून सुमारे ४०० मीटर उंच डोंगरावर, जिथे धड पाणीही नाही तिथे, माथा सपाट करून त्यांनी शहर वसवलं. तेच मोंते अल्बान. ऐन भरात तिथे वीसेक हजारांवर वस्ती होती. पर्यटक तिथले तीनशेहून अधिक कोरीव दगड बघतात. त्यांना 'नाचणारे' म्हणायची पद्धत पडली आहे, पण जवळ जाऊन बघा: डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, अंगावर कपडा नाही. बहुतेक अभ्यासक त्यांना युद्धात पकडून मारलेले कैदी मानतात. मोंते अल्बानचं वैभव कुणाच्या जिवावर उभं होतं ते या दगडांत दिसतं, आणि गाइड मंडळी हे सांगताना आवाज जरा खाली आणतात. इ.स. ८०० च्या आसपास शहर ओस पडत गेलं. लोक मात्र कुठे गेले नाहीत, खाली खोऱ्यातल्या गावांत पांगले. सत्तेचं एक मोठं केंद्र कोसळलं आणि गावं उरली, ही इथली पहिली मोठी खेप. पुढे असं आणखी अनेकदा घडलं.

नंतरची काही शतकं लहान लहान राज्यांची. पश्चिमेकडच्या डोंगरांतले मिश्तेक राजे हरणाच्या कातड्याच्या घडीच्या पोथ्यांवर वंशावळी रंगवून ठेवत. स्पॅनिश येण्याआधीच्या ज्या मोजक्या पोथ्या वाचल्या त्या आज लंडन, ऑक्सफर्ड, व्हिएन्ना अशा ठिकाणी आहेत. त्यांतला नायक म्हणजे तिलांतोंगोचा राजा 'आठ हरीण', जन्म १०६३. माणसाला जन्मदिवसाचं नाव द्यायची रीत होती. २६० दिवसांच्या पंचांगात प्रत्येक दिवसाला एक अंक आणि एक चिन्ह असे, म्हणून हा 'आठ हरीण'. त्यानं किनाऱ्यावर तुतुतेपेक उभं केलं, डोंगरातली राज्यं एकामागून एक गिळली, आणि १११५ मध्ये त्याचाच बळी दिला गेला. लग्नं, खून, सूड, देवळातल्या भेटी असं सगळं चित्रांत आहे. हे पंचांग लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

मिश्तेक सोनारही अव्वल होते. ९ जानेवारी १९३२ रोजी आल्फोन्सो कासो यांनी मोंते अल्बानची ७ क्रमांकाची कबर उघडली. कबर सापोतेकांची, पण शतकांनंतर मिश्तेकांनी ती पुन्हा वापरलेली. आत सोनं, पिरोजा मढवलेली कवटी, कोरीव हाडं. ते सगळं आज शहरातल्या सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे. त्या दालनाला घाईनं वीस मिनिटं देऊ नका.

मध्य मेक्सिकोत साम्राज्य असलेले अझ्टेक पंधराव्या शतकात आले. त्यांनी शहराच्या टेकडीवर शिबंदी ठेवली, खंडणी लावली, आणि तेवांतेपेककडे सापोतेक राजा कोसिहोएसाशी लढून दमल्यावर अझ्टेक राजकन्या त्याला देऊन सोयरीक केली. स्पॅनिश १५२१ मध्येच पोचले. अझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानला, झाला तसा मोठा संग्राम इथे झाला नाही. खोऱ्यातल्या राजांनी हिशेब केला आणि बहुतेकांनी जुळवून घेतलं. शहाणपण म्हणा की संधिसाधूपणा, त्याचा परिणाम मात्र मोठा झाला: स्थानिक सरदारघराणी आणि गावांच्या हद्दी जागच्या जागी राहिल्या. १५२९ मध्ये मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसला 'वाहाका खोऱ्याचा मार्किस' हा किताब मिळाला आणि स्पॅनिश शहराभोवतीची गावं त्याच्या जहागिरीत गेली. कोर्तेसला गावांकडून खंडणी हवी होती, म्हणून गावं शाबूत हवी होती. शहरातल्या इतर स्पॅनिशांना त्यामुळे हातपाय पसरायला जागा कमी पडली, आणि त्यांनी राजाकडे तक्रारींचा रतीब घातला.

प्रश्नात देवीचा उल्लेख आहे, तो खराच आहे. साथींनी लोक इतके मेले की खोऱ्याची लोकसंख्या १५२० च्या अंदाजे साडेतीन लाखांवरून १६३० च्या दशकात ४०–४५ हजारांवर आली. म्हणजे आठांतला एक वाचला. 'गावं टिकली' असं मी म्हणतो तेव्हा ती या स्मशानातून टिकली, हे विसरून चालणार नाही.

आता किडा. कोचिनील, आपल्या भाषेत किरमिजी किडा. फड्या निवडुंगाच्या जातीतल्या नोपाल नावाच्या झाडावर तो जगतो. मादी पानाला चिकटून रस पीत बसते, अंगावर पांढरी मेणचट पूड घेऊन. दुरून पानावर बुरशी आल्यासारखं वाटतं. एक मादी चिमटीत धरून तळहातावर चिरडली की गडद किरमिजी डाग पडतो, आणि धुऊनही दिवसभर हातावर राहतो. त्या डागावर लिंबू पिळलं तर तो शेंदरी होतो, चुन्याची निवळी टाकली तर जांभळा. वाळलेल्या किड्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा रंगद्रव्यच असतं, आणि एक किलो मालासाठी दीड लाखाच्या आसपास किडे लागतात. तुरटी दिलेल्या लोकरीवर हा रंग असा बसतो की आमच्या मंजिष्ठेनं आणि लाखेनं हेवा करावा. मी तिन्ही वापरतो, पण लोकरीवरच्या लालासाठी मनात पहिला नंबर कोचिनीलचाच.

हे काम स्पॅनिशांनी सुरू केलेलं नाही. अझ्टेकांच्या खंडणीच्या याद्यांत या भागातल्या गावांपुढे कोचिनीलच्या पोत्यांची चित्रं आहेत. स्पॅनिशांनी त्याला जगाची बाजारपेठ दिली. न्यू स्पेनमधून, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश मेक्सिकोतून, निघणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत याच मालाची. कार्डिनलांचे झगे, व्हेनिसचं रेशीम, इंग्रज अफसरांचे लाल कोट, सगळीकडे हा रंग. जिवंत किडा बाहेर नेण्यावर कडक बंदी होती, आणि वाळलेला दाणा बी आहे की किडा यावर युरोपातले विद्वान बराच काळ वाद घालत होते.

गंमत अशी की इतका महाग माल स्पॅनिशांना स्वतः पिकवता आला नाही. साखरेसारखं मोठं शेत घालून गुलाम लावायचं हे पीकच नव्हे. पिल्लं सोडायची म्हणजे विणीच्या माद्या छोट्या घरट्यांत भरून पानापानावर टांगायच्या. पाऊस आला की झाकायचं, थंडी पडली की आत घ्यायचं. किडे खाणाऱ्या अळ्या रोज नजरेनं शोधून वेचायच्या. तयार माद्या हरणाच्या शेपटीच्या कुंचल्यानं एकेक करून झाडायच्या. मग गरम पाण्यात, भट्टीच्या उष्णतेत किंवा उन्हात मारायच्या. जशी रीत, तसा दाण्याचा रंग. हे काम परसातलं. घरातल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं ते मक्याचं शेत सांभाळून करत. मोठे मळे घालण्याचे प्रयत्न झाले, पण बाजारातला जवळजवळ सगळा माल गावकऱ्यांच्या परसातूनच येत राहिला. म्हणून स्पॅनिश व्यापाऱ्याला गावकरी जमिनीवरून हुसकून मजूर करण्यात फायदा नव्हता. तो त्याच्या घरात, त्याच्या निवडुंगाशी राहण्यातच फायदा होता.

पण याला सोन्याचा मुलामा देऊ नका. प्रांतातले स्पॅनिश अंमलदार, ज्यांना आल्काल्दे मायोर म्हणत, ते व्यापाऱ्यांच्या पैशावर गावांना उचल देत. एक पौंड मालासाठी १२ रेआल (तेव्हाचं स्पॅनिश चांदीचं नाणं) आधी द्यायचे आणि हंगामात माल उचलायचा. चांगल्या वर्षी शहरात भाव दुपटीच्याही वर असे. ज्यानं उचल दिली तोच न्यायाधीश, तोच पोलीस. तक्रार कुणाकडे करायची? अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की ही निव्वळ जुलूमजबरदस्ती नव्हती, गरिबाला मिळणारं ते एकमेव कर्ज होतं आणि गावकरी ते मागूनही घेत. दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालंय की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सावकारी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आणि लोक गप्पही बसत नव्हते. मार्च १६६० मध्ये तेवांतेपेकच्या बाजारात सापोतेक जमावानं आल्काल्दे मायोरला दगडांनी ठेचून मारलं. भांडण कापडाच्या सक्तीच्या वसुलीवरून पेटलं होतं आणि जमावात बायका आघाडीवर होत्या. पुढे वर्षभर गावाचा कारभार बंडखोरांच्या हातात होता.

या किड्याचा भारताशी खरा संबंध आहे, म्हणून एक फाटा फोडतो. १७७७ मध्ये तिएरी द मेनोनव्हिल हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ वाहाकात शिरला आणि किड्यांसह निवडुंगाची पानं चोरून कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत घेऊन गेला. इंग्रजांनाही ते हवं होतं. मद्रासला जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बाग लावली, आणि १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आले. पण आला तो रानटी, निकस रंगाचा भाऊबंद. रंगाचा धंदा बसला आणि त्या किड्यानं निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. किड्याकडून तण मारून घेण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून ते आज शिकवलं जातं. १९२६ मध्ये आणखी एका जातीचा किडा भारतात मुद्दाम आणला गेला आणि त्यानं दक्षिणेत माजलेली निवडुंगाची रानं साफ केली. आपल्याकडे फड्या निवडुंगावर आजही पांढरी पूड दिसते. ती चिरडून लाल रंग निघतो, पण फार अपेक्षा ठेवू नका.

वाहाकाचा लाल बाजार १७७० च्या दशकात शिखरावर होता. मग दुष्काळ, कर, स्वातंत्र्ययुद्ध, पुढे ग्वातेमाला आणि कॅनरी बेटांचा स्वस्त माल, आणि १८५६ नंतर कृत्रिम रंग. प्रयोगशाळेतल्या लालानं शेवटचा खिळा ठोकला. पण तोवर तीन शतकं निघून गेली होती आणि गावाची जमीन गावाच्या नावावर होती.

नावावर होती म्हणजे कशी, हा भाग मला सर्वांत आवडतो. दोमिनिकन पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी भाषा शिकल्या. हुआन दे कोर्दोवा यांचा सापोतेक शब्दकोश १५७८ मध्ये छापला गेला. गावकऱ्यांनी त्यांच्याकडून रोमन लिपी घेतली आणि ती कचेरीत वापरली. मृत्युपत्रं, खरेदीखतं, हद्दीच्या तक्रारी सापोतेक आणि मिश्तेकमध्ये लिहून कोर्टात दाखल केल्या. कापडावर गावाचे नकाशे रंगवले. गरज पडली तेव्हा 'पूर्वजांच्या काळची' सनदही तयार केली, आणि काही सनदा नंतर चक्क बनावट निघाल्या. शेजारच्या गावाशी हद्दीचे खटले पिढ्यानपिढ्या चालले. काही आजही चालू आहेत आणि त्यांत माणसं मरतात. गावाची एकजूट म्हणतो तिची ही दुसरी बाजू.

धर्माचं काय झालं, हेही कोर्टाच्या कागदांतच दिसतं. १७०० च्या सप्टेंबरात सिएर्रा नोर्ते डोंगरातल्या सान फ्रान्सिस्को काहोनोस गावात रात्री जुन्या पद्धतीचा विधी चालला होता. गावातल्याच चर्चच्या दोन सेवकांनी, हुआन बाउतिस्ता आणि हासिंतो दे लोस आंखेलेस यांनी, पाद्र्यांना खबर दिली. गाव मठावर चालून आलं, दोघांना ताब्यात घेतलं आणि मारून टाकलं. १७०२ मध्ये पंधरा गावकऱ्यांना फाशी झाली. पुढे बिशप आंखेल मालदोनादो यांनी सौदा मांडला: जुनी पूजा कबूल करा, पोथ्या जमा करा, माफी मिळेल. गावोगावच्या लोकांनी येऊन कबुलीजबाब दिले, आणि शंभराच्या आसपास हस्तलिखितं जमा झाली. त्यांत काय होतं? तेच २६० दिवसांचं पंचांग, 'आठ हरीण' राजाला नाव देणारं, आता रोमन अक्षरांत सापोतेक भाषेत उतरवलेलं. विजयानंतर पावणेदोनशे वर्षांनी! ती वह्यांची चळत स्पेनमध्ये सेव्हियाच्या दप्तरखान्यात सुखरूप आहे. ज्यांना ते पंचांग संपवायचं होतं त्यांच्याच दप्तरानं ते जपलं. आणि ज्या दोघांना गावानं मारलं त्यांना २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्य घोषित केलं. काहोनोसकडे गेलात तर या विषयावर मत देऊ नका. तो अजून त्यांच्या घरातला विषय आहे.

एकोणिसावं शतक झपाट्यानं. ते दोन वाहाकाकरांचं. बेनितो हुआरेस, जन्म २१ मार्च १८०६, डोंगरातल्या गेलाताओ गावचा सापोतेक. आईबाप लहानपणीच गेले; बाराव्या वर्षी पायी शहरात आला, तेव्हा स्पॅनिश धड येत नव्हती. पुढे वकील, गव्हर्नर, राष्ट्राध्यक्ष. फ्रेंचांनी बसवलेल्या माक्सिमिलियान बादशहाला १८६७ मध्ये त्याच्याच सरकारनं गोळ्या घातल्या. दुसरा पोर्फिरियो दियास, ज्यानं १८७६ ते १९११ मध्ये चार वर्षं सोडता सारा काळ देश मुठीत ठेवला. रेल्वे आणली, कॉफीचे मळे आले, परदेशी भांडवल आलं. हुआरेसचे पुतळे गावोगाव आहेत, पण दोन गोष्टी पुतळ्याखाली लिहिलेल्या नसतात. गव्हर्नर असताना त्यानं मिठागरांच्या हक्कावरून पेटलेल्या जुचितानवर सैन्य पाठवलं आणि गावाचा मोठा भाग जळाला. आणि त्याच्या उदारमतवादी पक्षानं १८५६ मध्ये जो कायदा केला तो चर्चसोबत गावांच्या सामाईक जमिनीही मोडायला निघाला होता. अनेक गावांनी त्यावर साधी युक्ती काढली: कागदोपत्री आपल्याच लोकांत वाटणी दाखवली आणि वहिवाट पूर्वीसारखीच ठेवली.

त्याचं फळ आज दिसतं. राज्याची लोकसंख्या ४१ लाखांच्या घरात, पण नगरपालिका ५७०, म्हणजे अख्ख्या मेक्सिकोतल्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. राज्यातल्या बहुतेक जमिनीवर सामाईक मालकी आहे. ४०० हून अधिक नगरपालिकांत राजकीय पक्षांचं चिन्हच नसतं. ग्रामसभा माणूस निवडते, त्याला पगार नसतो किंवा नावापुरता असतो, आणि 'नाही' म्हणायची सोय नसते. पोरानं आधी तोपिल म्हणून निरोप पोचवायचे, रात्रीची गस्त घालायची, मग एकेक पायरी चढायची. शिवाय तेकियो, म्हणजे रस्ता, पाणी, शाळा यांसाठी सक्तीचं श्रमदान. लॉस एंजेलिसला हॉटेलात भांडी घासणारा माणूसही नेमणूक आली की परत येतो किंवा पैसे देऊन बदली माणूस ठेवतो. १९९५ मध्ये राज्यानं या पद्धतीला कायद्यात जागा दिली. आपल्याकडचे काही कार्यकर्ते हे ऐकून भारावतात, त्यांना मी एक नाव सांगतो: एउफ्रोसिना क्रूस. २००७ मध्ये किएगोलानी गावात ती प्रमुखपदाला उभी राहिली आणि बाई आहे म्हणून तिची मतं रद्द केली गेली. ती लढली, पुढे राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्ष झाली, आणि बऱ्याच गावांतल्या बायकांना सभेत तोंड उघडायला त्यामुळे बळ आलं. गावानं जे जपलं त्यात हेही होतं.

गेलागेत्सा हा शब्द तुम्हाला पर्यटनाच्या पोस्टरवर दिसेल. तो मुळात उत्सव नव्हे. लग्न, मयत, गावजेवण असं काही निघालं की शेजारी टर्की, मका, कोको, मेस्काल या दारूच्या बाटल्या घेऊन येतात आणि यजमान ते वहीत लिहून घेतो: कोणी, काय, किती. आपल्या आहेराच्या वहीसारखीच ही वही, फक्त हिशेब जास्त कडक. पाच किलोची टर्की आली असेल तर पाच किलोचीच परत जाते, आणि बाप वारला तर मुलगा फेडतो. तेओतितलानमध्ये एका विणकराच्या घरी मला अशी वही बघायला मिळाली. पानं पिवळी पडलेली, फेडलेल्या नोंदींवर रेघ मारलेली, आणि न फेडलेल्या नोंदी घरातल्या म्हातारीला तोंडपाठ. उत्सव वेगळा. शहराला राजाची सनद मिळाली १५३२ मध्ये. त्याच्या चारशेव्या वर्षी, १९३२ मध्ये, राज्यातल्या जमातींचा एक मोठा सोहळा झाला आणि त्यातून आजचा जुलैचा नाच-सोहळा वाढला. आता तिकिटं लागतात. २००६ मध्ये शिक्षकांच्या संपावर १४ जूनला पोलीस घातले गेले आणि शहर महिनोन्महिने पेटलं, तेव्हा आंदोलकांनी सरकारी उत्सव होऊ दिला नाही आणि स्वतःचा फुकट गेलागेत्सा केला. तो पुढेही होत राहिला.

खोऱ्याबाहेरचं थोडक्यात सांगतो, नाहीतर सगळा वाहाका म्हणजे खोरं असा समज व्हायचा. संयोगभूमीतल्या जुचितानमध्ये बाजार बायकांच्या हातात, आणि मुशे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पुरुष-बाई या चौकटीत न बसणाऱ्या लोकांना समाजात उघड जागा आहे. चित्रकार फ्रीडा काहलोनं जगभर नेलेला तो भरतकामाचा पोशाख याच भागातल्या तेवाना बायकांचा. ७ सप्टेंबर २०१७ च्या ८.२ तीव्रतेच्या भूकंपानं हे गाव फार हादरवलं. प्रशांत किनाऱ्यावर आफ्रिकी गुलामांचे वंशज राहतात. देशाच्या घटनेत त्यांचं नाव यायला २०१९ उजाडलं. याच किनाऱ्यावर मिश्तेक पुरुष खडकांवरचे गोगलगायीसारखे शंखजीव हातात धरून त्यांचा स्राव सुतावर घेतात आणि जीव परत खडकावर ठेवतात. सूत आधी पिवळट, मग हिरवं, उन्हात जांभळं होतं. जीव न मारता रंग काढण्याची ही रीत बघितल्यावर आम्हा रंगाऱ्यांची बोलती बंद होते. संयोगभूमीलगतच्या डोंगरांतल्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांनी १९८३ मध्ये उसिरी ही सहकारी संस्था काढली. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'माक्स हाव्हेलार' हा न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का सुरू झाला, त्याच्या मुळाशी याच संस्थेची कॉफी होती.

आता तुमच्या प्रवासाचं. सुरुवात मोंते अल्बानपासून करतात, तुम्ही बाजारापासून करा. इथे आठवडी बाजार अजून वार लावून भरतात: एत्लाला बुधवार, साचिलाला गुरुवार, ओकोत्लानला शुक्रवार, त्लाकोलुलाला रविवार. रविवारी त्लाकोलुला, तिथून मितला. मितलाच्या भिंतींवरची नक्षी बघा: घडवून कापलेले दगडाचे लाखभर तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले, आणि शेजारी जुन्याच जोत्यावर चढवलेलं चर्च. बाजारात तेहाते प्या, मका आणि कोकोचं फेसाळ थंड पेय. भाजलेले नाकतोडे खायचे की नाही हे तुमच्यावर. शाकाहारी असाल तर मोले मागवताना आधी विचारा, रश्शात कोंबडीचं पाणी बहुधा असतंच. सांतो दोमिंगो मठाच्या मागची वनस्पतींची बाग चुकवू नका. दीर्घकाळ तिथे लष्कराची छावणी होती. लष्कर गेल्यावर तिथे हॉटेल आणि मोटारींचा तळ होऊ घातला होता, तो फ्रान्सिस्को तोलेदो या चित्रकारानं आणि त्याच्या साथीदारांनी हाणून पाडला. याच तोलेदोनं २००२ मध्ये मुख्य चौकात मॅकडॉनल्ड्स येऊ नये म्हणून लोकांना फुकट तामाले (पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याच्या पिठाचं खाणं) वाटले होते, आणि ते दुकान आलं नाही.

गालिचा घ्यायचा असेल तर तेओतितलान देल व्याये. प्रात्यक्षिक खऱ्या किड्याचं आणि विकायचा माल रासायनिक रंगाचा, असं सर्रास चालतं. वाटणाऱ्या बाईच्या हाताकडे बघू नका, मागच्या अंगणात जा. रंगाच्या कढया, तुरटीचा डबा, वाळत घातलेल्या लडी दिसतात का ते बघा. एकाच घाण्यातल्या दोन लडींत थोडा फरक दिसला तर बरंच; सगळ्या लडी अगदी एकसारख्या भडक लाल असतील तर विचारा. खरं काम करणारा विणकर न चिडता सांगतो की हा लाल किड्याचा, हा नाही, आणि दोन्हींच्या किमती वेगळ्या लावतो. जुलैत जायचं असेल तर १६ तारखेनंतरचे दोन सोमवार उत्सवाचे. १८ तारीख सोमवारी आली तर ती हुआरेसची पुण्यतिथी म्हणून सोहळा पुढे ढकलतात. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, काही महिने आधी बघून ठेवा.